राउटर तुमच्या घरात, चावी कंपनीकडे

सिडकोपासून गंगापूर रोडपर्यंत कुठल्याही फ्लॅटमध्ये जा, टीव्हीच्या मागे नाहीतर चपलांच्या रॅकवर फायबरचा डबा लुकलुकत असतो. बिल तुम्ही भरता, वीज तुमची. त्याचा पूर्ण ॲडमिन पासवर्ड मात्र बहुतेकदा तुम्हाला मिळतच नाही. वायफायचं नाव बदला, बस. कंपनी मात्र टीआर-०६९ नावाच्या पद्धतीने लांबूनच त्याच्या सेटिंग्ज बदलू शकते, नवं सॉफ्टवेअर चढवू शकते. घरी माणूस न येता लाइन सुरू होते, ही सोय मान्य. पण सोयीसाठी घराची एकुलती एक चावी कोणी देऊन टाकतं का?

जुलै २०१७मध्ये बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम मालवेअरने बंद पाडले. फॅक्टरीतून आलेला ‘ॲडमिन’ हाच पासवर्ड तसाच राहिला होता. तो बदला, असं मग ग्राहकांना सांगावं लागलं. निदान त्यांना तो बदलता तरी येत होता!

आणि आतलं सॉफ्टवेअर तरी कंपनीचं कुठे असतं? बहुतेक राउटरमध्ये लिनक्स असतं, फुकट घेतलेलं. त्याच्या जीपीएल लायसन्सची अट साधी आहे: ज्याला डबा देता, त्याला त्यातल्या लिनक्सचा सोर्स कोडही मिळाला पाहिजे. लिंकसिसने २००२च्या शेवटी डब्ल्यूआरटी५४जी राउटर आणला. आत लिनक्स आहे हे लोकांनी शोधलं, कोड मागितला, आणि २००३मध्ये कंपनीला तो द्यावा लागला. त्यातूनच २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या कित्येक राउटरना आज तेच अपडेट देतं. (४ एमबी फ्लॅशच्या जुन्या डब्यांना तेही आता सोडून देतं, हे खरं.)

‘सामान्य माणूस कुठे फर्मवेअर बदलत बसणार?’ अहो, बाइकचं इंजिनही सामान्य माणूस उघडत नाही, मेकॅनिक उघडतो. फोन खोलून दुरुस्त करणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. राउटर त्यांच्या टेबलावर येत नाही, कारण कुलूप.

रेडिओच्या नियमांची सबबही पुढे केली जाते. काही राउटर ठरल्यापेक्षा जास्त ताकदीवर चालवता येत होते म्हणून २०१६मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने टीपी-लिंककडून २ लाख डॉलर घेतले. पण त्याच तडजोडीत, ओपन फर्मवेअर चालावं यासाठी काम करू, असंही कंपनीकडून कबूल करून घेतलं. म्हणजे रेडिओला कुलूप लावून बाकी डबा उघडा ठेवता येतो. ठेवायचा नसतो, एवढंच.

पुढच्या रिचार्जला लाइनवाल्या दादाला विचारा, डबा ब्रिज मोडवर टाकून मिळेल का? म्हणजे तो फक्त तार जोडेल, बाकी सगळं तुमचा राउटर बघेल. सोर्स कोड कुठे मिळेल, हेही विचारा. दादा बहुधा हसेल. मग तोच प्रश्न कंपनीला ई-मेलवर विचारा, आणि लेखी उत्तर मागा.