आंबे हाणलेत ना?

जून २०२५ मधला बांबोळीचा तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे तिथल्या सरकारी रुग्णालयात एका डॉक्टरला कॅमेऱ्यासमोर झाडतायत, निलंबित करा म्हणून हुकूम सोडतायत. तक्रार अशी होती की सुट्टीच्या दिवशी नेहमीचं इंजेक्शन घ्यायला आलेल्या एका वृद्ध बाईंना कॅज्युअल्टीतून परत पाठवलं, आणि तेही उद्धटपणे. पुढे मुख्यमंत्री प्रमोद सावंतांनी निलंबन होणार नाही असं जाहीर केलं, डॉक्टर आंदोलनाला उतरले, मंत्र्यांनी माफी मागितली. आठवडाभर सगळे मंत्री बरोबर की डॉक्टर बरोबर ह्यावर भांडत होते. त्या बाईंबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नव्हतं.

मला वाटतं, तातडीच्या विभागात रोजचं इंजेक्शन देणार नाही म्हणणं बरोबर असू शकतं. पण 'इथे नाही, अमुक ठिकाणी मिळेल' हे नीट सांगायला किती वेळ लागतो? आणि मंत्र्यांनी तरी काय वेगळं केलं? चारचौघांत माणसाला खाली बघायला लावलं. मंत्री डॉक्टरवर, डॉक्टर सिस्टरवर, सिस्टर वॉर्डबॉयवर, आणि सगळ्यात शेवटच्या पायरीवर हातात फाईल घेऊन बसलेला पेशंट. त्याने कोणावर ओरडायचं?

बांबोळी आम्हाला परकी नाही. सिंधुदुर्गातलं मोठं दुखणं पूर्वापार गोव्यालाच जातं. जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झालं तेव्हा आपल्याकडे केवढी आंदोलनं झाली, आठवत असेल. मिठबावहून बांबोळी म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटर, अख्खा दिवस जातो. पैशांसाठी भांडलो ते योग्यच. पण तिथे किंवा इथे गावात, आत गेल्यावर माणसाशी कसं बोलतात ह्यासाठी आपण कधी भांडलोय?

आमच्या वाडीतल्या एका काकींचं सांगतो. मधुमेह जुना, जोडीला सांधे. मे महिन्यात रिपोर्ट घेऊन गेल्या (कुठे ते जाऊ दे). डॉक्टरांनी कागद बघितला आणि बाहेरच्या बाकड्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आंबे हाणलेत ना?" सिस्टर हसली. बाकड्यावरचेही हसले. बस्स, एवढंच झालं.

देवगड तालुक्यात मे महिन्यात आंब्याला हात न लावणारा माणूस दाखवा आणि बक्षीस न्या! पण काकी गेल्या होत्या वेगळंच सांगायला. तळपायांना मुंग्या येतात, आणि चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. ते सांगायचं राहूनच गेलं. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, काटा रुतला तरी समजत नाही, जखम चिघळते, आणि कधी कधी पाय कापायची पाळी येते. म्हणून वर्षातून एकदा तरी पाय तपासायचे असतात. डॉक्टरांना हे माझ्यापेक्षा हजारपट चांगलं ठाऊक आहे. पण त्या हसण्यानंतर काकींनी तोंड मिटलं आणि त्या नंतर गेल्याच नाहीत. जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या मागवतात. विचारलं तर म्हणतात, "पैसे देवन गाळी खावक कित्याक जाऊचा?"

ताप आला, विंचू चावला तर डॉक्टर देव असतो. चार दिवसांत माणूस बरा होतो, मासे नेऊन देतो, विषय संपला. जुनाट दुखण्याचा माणूस बरा होत नाही. दर तीन महिन्यांनी तेच गाऱ्हाणं घेऊन दारात हजर. डॉक्टरलाही आतून कुठेतरी हरल्यासारखं होत असावं, आणि मग सोपं काय, तर पथ्य पाळत नाही म्हणून पेशंटलाच आरोपी करायचं. 'भात बंद करा' हे असंच एक वाक्य. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि दोन्ही वेळा भात-आमटी खाणाऱ्या बाईला हे दोन सेकंदांत सांगून पुढचा नंबर! किती कमी करू, नाचणीची भाकरी चालेल का, मासे किती, हे विचारायची हिंमत कोण करणार?

गर्दीचं कारण खरं आहे. एका सकाळी शंभर माणसं बघणाऱ्या डॉक्टरकडून गप्पांची अपेक्षा नाही. पण टोमणा मारायलाही तेवढाच वेळ लागतो ना? २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वागणूक, नीती आणि संवाद हा भाग रीतसर घातलाय. चांगलंच झालं. फक्त वर्गात शिकलेलं आणि वॉर्डात वरिष्ठांच्या तोंडून ऐकलेलं ह्यात मुलं दुसरंच उचलतात अशी मला धास्ती आहे.

असो. ही नुसती डॉक्टरांची तक्रार नाही. गणपतीला मुंबईहून येणारी आपली मंडळीही फाईल उघडून पहिलं वाक्य तेच टाकतात, "आई, तू पथ्य पाळत नाहीस." नैवेद्याचा मोदक तिच्या ताटातून उचलून घेतात, सगळ्या पाहुण्यांदेखत. ह्या वर्षी याल तेव्हा फाईल राहू दे. तिला पडवीत पाय लांब करून बसवा आणि दिवसाच्या उजेडात तिचे तळवे बघा. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.