चुलीवरचा केक आणि आईचे धोंडस

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक सून संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली. हातात वाटी होती, म्हणून मला वाटले विरजण मागायला आली असेल. पण ती आत येऊन बसली आणि पदराने डोळे टिपू लागली. थोरल्या मुलाला दहावे लागणार होते. वर्गातल्या एका मुलाच्या वाढदिवसाला तालुक्याहून भला मोठा केक आला होता, त्यावर म्हणे त्या मुलाचा फोटोच काढलेला! तेव्हापासून हा म्हणत होता, "माझ्या वाढदिवसाला कुणालाच बोलवू नकोस." कांदा काढणीला आला आणि अवकाळीने झोडपला. घरात पैशाची ओढ. पोराला ते कळत होते, म्हणूनच तो हट्ट न करता नको म्हणत होता.

"काकू, हट्ट केला असता तर दोन धपाटे घातले असते," ती म्हणाली. "पण हे शहाणपण सहन होत नाही."

मी तिला चहा दिला आणि म्हटले, "केक आपण घरीच करू. ओव्हन नको, अंडे नको. दोन वाट्या कणीक आहे ना घरात?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिला जी हकीकत सांगितली, तीच आज तुम्हांला सांगते.

१९८२ साल. माझी थोरली लेक पाच वर्षांची झाली. तिने शाळेच्या पुस्तकात केकचे चित्र पाहिले होते, तेव्हा तिला तसाच केक हवा होता. धाकटे दीर तालुक्याला गेले होते, त्यांच्याकडून बेकरीतला केक मागवला. ते बिचारे संध्याकाळच्या एस.टी.त खोका मांडीवर धरून आले. पण बाजाराचा दिवस, गाडीत पाय ठेवायला जागा नाही. खोका उघडला तो आत नुसता काला. वर आंबूस वास. लेक काही बोलली नाही, ओठ मुडपून आत निघून गेली. मोठ्याने रडली असती तर मला इतके लागले नसते.

पुढच्या वर्षी मी ठरवले, केक घरीच करायचा. गावात बदलून आलेल्या एका मास्तरांच्या मंडळींनी मला वाळूवर केक भाजायची रीत सांगितली. वाढदिवसाच्या दोन दिवस आधी मी करून पाहायचे ठरवले. पीठ भिजवले, सोडा घालून छान फेटले, आणि तेवढ्यात म्हैस हंबरली. धार काढून, रवंथाला वैरण टाकून येईपर्यंत अर्धा तास गेला. मग ते पीठ डब्यात ओतून चुलीवर ठेवले. धीर कुठला निघतो! तीनदा झाकण उघडून पाहिले. शेवटी जे बाहेर निघाले ते खाली कोळसा, वर लापशी आणि मध्ये खड्डा. कुणी पाहायच्या आत मी ते आंबोणाच्या घमेल्यात ढकलले.

पण सासूबाईंनी पाहिले होते. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू. माळकरी बाई. अंडे तर राहोच, कांदासुद्धा त्यांच्या ताटाला चालत नसे. केक हा शब्द मी त्यांच्यापुढे भीतभीतच उच्चारत होते. त्या रात्री त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आगं, तुझ्या माहेरी ते काकडीचं काय करतात? मी आले होते तवा तुझ्या आईनं केलं होतं. झाकणावर इस्तू ठेवला होता बघ."

धोंडस! माझे माहेर मालवणाकडचे. श्रावणभाद्रपदात वेलावरच्या जून, मोठ्या काकड्या, ज्यांना आम्ही तवशी म्हणतो, त्या किसून आई धोंडस करायची. खाली मंद जाळ आणि झाकणावर निखारे. खालीवर सारखी धग लागली की वरूनही तांबूस खरपूस व्हायचे. लहानपणापासून पाहिलेली ही गोष्ट मी साफ विसरले होते, कारण केक म्हणजे काहीतरी साहेबाचे, आपल्याला न येणारे, अशी माझी समजूत. आणि आत्याबाईंनी मात्र माझ्या माहेरचा तो एक दिवस इतकी वर्षे ध्यानात ठेवला होता.

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघींनी मिळून केक केला. पीठ मी कालवले, विस्तव आत्याबाईंनी सांभाळला. तो फुगला. लेकीने पहिला तुकडा आजीच्या हातावर ठेवला, आणि आत्याबाईंनी तो आधी देवापुढे ठेवून मग तोंडात टाकला.

आता कृती सांगते. वाटी म्हणजे आपली आमटीची मध्यम वाटी. एकदा घेतलेली वाटी शेवटपर्यंत बदलायची नाही.

कणकेचा गुळाचा केक

दोन वाट्या कणीक, एक वाटी बारीक चिरलेला गूळ, एक वाटी ताजे दही, अर्धी वाटी लोणी, पातळ तूप किंवा वास नसलेले तेल, अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा (सपाट, शीग लावून नव्हे), चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड, असल्यास थोडे जायफळ. शेंगदाण्याचे भरड कूट किंवा बेदाणे ऐपतीप्रमाणे.

गूळ अर्धी वाटी कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. गुळात कचकच असते, ती अशी निघून जाते. हे पाणी पुरते निवू द्यावे. कणीक, सोडा आणि मीठ एकत्र करून दोनदा चाळावे, म्हणजे सोड्याची गुठळी राहत नाही. दही घुसळून त्यात लोणी आणि गुळाचे पाणी मिसळावे.

इथे थांबावे आणि आधी चूल तयार करावी. जाड बुडाचे मोठे पातेले घ्यावे, त्यात बोटभर जाडीचा थर धुऊन वाळवलेल्या वाळूचा किंवा जाड्या मिठाचा पसरावा. वर एक लोखंडी कडे किंवा पालथी ताटली ठेवावी. झाकण ठेवून दहा मिनिटे तापू द्यावे. तोवर सपाट बुडाच्या डब्याला तूप लावून वर कणीक भुरभुरावी.

पातेले तापले की मगच कोरडे पीठ दह्यात घालून हलक्या हाताने कालवावे. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा किंचित घट्ट असावे, फार घट्ट वाटल्यास दोन चमचे दूध घालावे. डबा निम्माच भरावा आणि लगेच पातेल्यात ठेवावा. वर घट्ट झाकण. चूल असेल तर जाळ अगदी मंद ठेवून झाकणावर चारसहा निखारे ठेवावेत. गॅस असेल तर ज्योत बारीक ठेवावी. गॅसवर केक वरून फिकट राहतो, पण शिजतो नीट. पहिली अर्धा तास झाकणाला हात लावायचा नाही. चाळीस मिनिटांनी स्वच्छ काडी मध्यभागी खुपसून पाहावी. कोरडी निघाली की झाला. ओली निघाल्यास आणखी दहा मिनिटे. डबा बाहेर काढून पंधरावीस मिनिटे निवू द्यावा, मग कडेने सुरी फिरवून पालथा करावा. गरम केक काढायला गेल्यास मोडतो.

माझ्या पहिल्या केकाचे काय चुकले ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. सोडा आणि दह्याचा आंबटपणा एकत्र आला की कार्बन डायऑक्साइड वायूचे बुडबुडे सुटू लागतात. ते पिठात अडकले की केक फुगतो. पण मी धार काढायला गेले तेव्हा ते वाऱ्यावर उडून गेले. शिवाय पीठ शिजून घट्ट होण्याआधी झाकण उघडले की धग जाते आणि फुगलेला भाग खाली बसतो. तिसरी चूक सोड्याची. जास्त घातला तर जास्त फुगेल असे मला वाटले. पण आंबटाला पुरून उरलेला सोडा साबणासारखा लागतो. बाजारातल्या बेकिंग पावडरीत सोड्याबरोबर कोरडे आंबट द्रव्य घातलेलेच असते, म्हणून दही नसेल तिथे ती चालते. सोडा आणि ती पावडर एकच समजू नये.

एक सावधगिरीची सूचना. पुष्कळजणी कुकरची शिट्टी आणि रबर काढून त्यात केक करतात. पण कुकर पाण्याशिवाय तापवायचे भांडे नव्हे, तो खराब होण्याची भीती असते. जाड पातेले किंवा जुनी कढई बरी. आणि वापरलेले मीठ पुन्हा आमटीत घालू नये, ते भाजण्यासाठीच वेगळे ठेवावे.

नाचणी घालून

२०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. आपल्याकडे नाचणी होतीच, आपणच ती विसरलो होतो. वरच्या केकात एक वाटी कणीक आणि एक वाटी नाचणीचे पीठ घ्यावे. सगळी नाचणी घेऊ नये, कारण गव्हाला जो चिकटपणा असतो तो नाचणीला नसतो आणि केक भुसभुशीत होऊन मोडतो. सकाळच्या गाडीने शाळेला जाणाऱ्या पोरांच्या डब्यात बिस्किटाच्या पुड्याऐवजी याचे दोन तुकडे घालावेत.

आईचे धोंडस

याला सोडा लागत नाही, दही लागत नाही. एक वाटी तांदळाचा रवा दोन चमचे तुपावर खमंग भाजावा. जून काकडी आधी चाखून पाहावी, कडू निघाल्यास टाकून द्यावी. दोन वाट्या कीस त्याच्या पाण्यासकट घ्यावा. त्यात एक वाटी गूळ आणि मीठ घालून उकळी आणावी, मग रवा, अर्धी वाटी ओले खोबरे आणि वेलदोडे घालून घट्ट होईतो शिजवावे. तूप लावलेल्या भांड्यात, तळाशी हळदीचे पान घालून, वरच्यासारखेच खालीवर धगीवर अर्धा पाऊण तास भाजावे. पुरते निवल्यावर वड्या पाडाव्यात. गोव्याकडेही काकडीचे असेच भाजलेले करतात, त्याला तवसळी म्हणतात. तिकडच्या बेबिंका नावाच्या गोड पदार्थालाही थरावर थर देत वरून निखाऱ्याचीच धग देण्याची जुनी पद्धत. त्या बेबिंकाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा विस्तव झाकणावर ठेवणाऱ्या आपल्या आज्या काही अडाणी नव्हत्या.

तिखट न्याहारी

गोड नको असेल त्या दिवशी एक वाटी रवा एक वाटी दह्यात वीस मिनिटे भिजवावा. त्यात बारीक चिरलेली मेथी, कोथिंबीर, हिरवी मिरची, किसलेले गाजर, जिरे, मीठ घालावे. लागल्यास थोडे पाणी. शेवटी पाव चमचा सोडा घालून लगेच जाड कढईत, तेलात तीळ तडतडवून त्यावर ओतावे. झाकण ठेवून मंद आचेवर दहाबारा मिनिटे, मग उलटून पाच मिनिटे. रानात न्यायला फार सोयीचे. हाताला तेल लागत नाही आणि गार झाले तरी चव जात नाही.

आता त्या पोराची गोष्ट राहिली. वाढदिवसाच्या दिवशी त्याची आई आणि मी मिळून गुळाचा केक केला. मध्यभागी थोडी चीर पडली. ती नाराज झाली. मी म्हटले, घट्ट साय आणि पिठीसाखर फेटून त्या चिरेत भर. तिने भरली आणि वर डाळिंबाचे दाणे मांडले. मुलगा शाळेतून आला, घरात भाजक्या गुळाचा वास भरून राहिला होता. डबा पाहिला, आईकडे पाहिले, आणि दप्तर न उतरवताच बाहेर पळाला. आम्हांला वाटले, रुसला. पाच मिनिटांनी चार सवंगडी घेऊन परत आला.

त्यातल्या एकाने विचारले, "कुठल्या बेकरीतला रे?"

"आमच्या घरचा," तो म्हणाला. आवाज असा, की जणू बांधावरचे पहिले आंब्याचे झाड दाखवतो आहे.

त्याच्या आईने तेव्हाही पदर डोळ्यांना लावला, पण या वेळी मी चहा केला नाही. तिलाच केकचा तुकडा दिला.

मैत्रिणींनो, पहिला केक बिघडला तर खचू नका. माझा तर म्हशीनेही हुंगून सोडून दिला होता. झाकणीवर निखारे ठेवताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जवळ बोलवा. विस्तव किती आणि केव्हा, हे कुठल्या वाटीने मोजता येत नाही, ते त्यांच्या हाताला ठाऊक असते.