हँकी-पँकी: पेय कोलमन यांचे, श्रेय क्रॅडॉक यांना?

१/ जिन व गोड व्हर्मूथ निम्मे-निम्मे, फर्नेट-ब्रांका या कडू वनौषधी मद्याचे दोन शिंतोडे, वर संत्र्याच्या सालीचा सुगंध. ही कृती हॅरी क्रॅडॉक यांच्या १९३० च्या ‘सॅव्हॉय कॉकटेल बुक’मध्ये आहे, म्हणून पेयही त्यांचेच मानणे हा शुद्ध आळस होय.

२/ लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातील अमेरिकन बारमध्ये १९०३ पासून एडा कोलमन होत्या. थकलेले नट चार्ल्स हॉट्री यांनी काही जोरकस मागितले; कोलमन यांनी प्रयोगांती हे पेय सिद्ध केले. हॉट्री यांच्या उद्गारावरूनच त्याचे नाव पडले.

३/ हॉट्री १९२३ साली निवर्तले. मग १९३० चा ग्रंथ या पेयाचा जन्मदाखला कसा ठरेल? मित्रहो, संकलक म्हणजे निर्माता नव्हे!