‘काबिजाद’ कोणाची?

पेडणे, डिचोली आणि सत्तरी ह्या महालांचा उल्लेख ‘नवी काबिजाद’ असा करण्याची सवय आमच्या लेखकांना अजून सुटलेली नाही. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. शब्द मात्र मुक्त व्हायचे राहिले. कोणी हटकलेच, तर उत्तर मिळते की, ही केवळ भौगोलिक संज्ञा आहे. ती तशी आहे काय, हे एकदा तपासून पाहू.

‘काबिजाद’ हे पोर्तुगीज ‘काँकिश्त’ ह्या शब्दाचे भाषांतर. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ शोधून गोळा करणे. त्यापासून साधलेले नाम रोमन लोक सैन्यभरतीस योजीत. पुढे ह्या एका मुळाला युरोपात नाना फांद्या फुटल्या. पोर्तुगीज व स्पॅनिश भाषांत तो जिंकलेल्या मुलुखाचा वाचक झाला, आणि प्रियेचे मन जिंकण्यालाही तोच शब्द पुरला. स्कॉटलंडच्या जुन्या कायद्यात वारशाने न आलेल्या, खरेदीने वा दानाने मिळविलेल्या जमिनीस तो लावीत. स्पेनमधील नव्हारा प्रांतात तर पतिपत्नींनी विवाहानंतर मिळविलेल्या सामाईक मालमत्तेला आजही हेच नाव आहे. शब्द एकच, कोठे लूट, कोठे प्रीती, कोठे घामाची मिळकत!

ह्यांपैकी कोणता अर्थ आम्हांस लागू पडतो? डिचोली १७८१ मध्ये पोर्तुगीज फौजेने घेतली. तेथे तलवारीचा अर्थ खरा. पेडण्याची कथा निराळी. कोल्हापूरकरांशी चाललेल्या झगड्यात सावंतवाडीच्या भोसल्यांना मदत हवी होती, आणि तिच्या मोबदल्यात त्यांनी १७८८ मध्ये पेडण्यावर पाणी सोडले. म्हणजे शब्द विजयाचा, व्यवहार सौद्याचा! जेत्याने आपल्या दप्तरात दोहोंवर एकच शिक्का मारला, हे समजण्यासारखे आहे. परंतु जितांनी तोच शिक्का आपल्या कपाळी गोंदून घ्यावा, ह्याला काय म्हणावे?

आणि ‘नवी’ हे विशेषण तरी कोणाच्या घड्याळाने? तिसवाडी १५१० मध्ये गेली, बारदेश व सासष्टी १५४३ मध्ये. म्हणून ती ‘जुनी’. ही गणना राज्यकर्त्यांच्या आगमनाची आहे, आमच्या वस्तीची नव्हे. पेडणेकर किंवा डिचोलीकर गोव्यात मागाहून आला नाही. तो होता तेथेच होता. मागाहून आले ते फिरंगी. तरीही ह्या एका विशेषणाने एक गोवेकर मुरलेला आणि दुसरा नवखा ठरतो, आणि तसे ठरविण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

अठराव्या शतकाचा इतिहास लिहिणाराने ही संज्ञा अवश्य वापरावी; ती त्या काळाची साक्ष आहे. परंतु आजच्या माणसांची ओळख सांगताना ती कशाला? पेडण्याला पेडणे म्हणावे, डिचोलीला डिचोली. ही नावे कोणी काबीज केलेली नाहीत.