कुलुपातली जिनवाणी



माझी भाची नुकतीच नवऱ्याबरोबर इटलीला जाऊन आली. फ्लॉरेन्सहून तिने फोटो पाठवले. मला वाटलं चर्च असतील, पुतळे असतील. फोटो होते एका ग्रंथालयाचे! मायकेलअँजेलोने आखलेलं, १५७१ साली उघडलेलं लॉरेन्शियन ग्रंथालय. लाकडी बाकांच्या लांब रांगा. पूर्वी तिथली हस्तलिखितं त्या बाकांना साखळीने बांधलेली असत. कोणी उचलून नेऊ नये, पण ज्याला वाचायचंय त्याने तिथे बसून वाचावं, म्हणून.

फोनवर म्हणाली, "मावशी, आपल्याकडे आहे का गं असं काही?"

मी लगेच "फलटण" म्हणाले. बारामतीहून एसटीने तासाभरात पोचतो आपण. आपल्यापैकी कितीतरी जणींचं माहेर किंवा सासर तिथलं. आचार्य शांतिसागर महाराजांच्या कानावर गेलं की मूडबिद्रीच्या ताडपत्रावरच्या महाबंधाचा काही हजार श्लोकांएवढा भाग किड्यांनी नष्ट झालाय. महाराज अस्वस्थ झाले आणि त्यांच्या प्रेरणेने आगम तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घ्यायचं काम उभं राहिलं. ते ताम्रपट फलटणला आहेत. आपण जातो, अर्घ्य वाहतो, डोकं टेकवतो आणि लग्नघरी जेवायला निघतो. त्यावर काय कोरलंय हे विचारणारी मला अजून भेटलेली नाही. मीही कधी विचारलं नव्हतं, हे भाचीशी बोलताना लक्षात आलं.

आता माझंच एक सांगते. इंदापूरचा आमचा जुना वाडा पाडायला काढला तेव्हा माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली. आत लाल वेष्टनात बांधलेल्या पाच-सहा पोथ्या. दोन वाळवीने पार चाळणी केलेल्या, बाकीच्या बऱ्या. सगळे म्हणाले, जीर्ण जिनवाणी घरात ठेवू नये, आशातना होते, पाण्यात सोडू. मला विचारलं. मी "हो" म्हणाले. उजनीच्या पाण्यात सोडल्या. एकही उघडून पाहिली नाही.

पुढे एका अभ्यासक ताईंकडून कळलं, की पोथीचं शेवटचं पान आधी पाहावं. तिथे लेखनाचं वर्ष असतं, गावाचं नाव असतं, आणि कोणी, कशासाठी लिहवून घेतली तेही पुष्कळदा असतं. व्रताच्या उद्यापनाला श्राविकेने शास्त्र लिहवून मुनींना किंवा मंदिराला दान दिलं, अशा नोंदी कितीतरी सापडतात. म्हणजे त्या ट्रंकेत माझ्या एखाद्या पणजीचं नाव असूही शकलं असतं. घराण्याच्या वंशावळीत बायकांची नावं नसतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

धवला ग्रंथ आपल्यापर्यंत कसा आला ते ठाऊक आहे का? शतकानुशतकं तो मूडबिद्रीला ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत होता. दर्शन मिळे, वाचन नाही. मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांच्या खटपटीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नक्कल करायला परवानगी मिळाली, पण नक्कल बाहेर जाता कामा नये या अटीवर. नकलेच्या कामावर असलेल्या गजपती उपाध्यायांनी गुपचूप एक जादा कन्नड प्रत करून घेतली. त्यात मोठा हात होता त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाईंचा. हे ग्रंथ लोकांनी वाचावेत ही त्यांची तळमळ होती. ती प्रत सहारनपूरला गेली, तिथून नागरीत नकला पसरल्या, आणि १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून पहिला छापील खंड काढला.

मग ही चोरी का? अचौर्य अणुव्रत आपण सगळ्याच घेतो, तेव्हा प्रश्न सोपा नाही. अट मोडली हे खरं. पण लक्ष्मीबाईंच्या ठिकाणी मी असते तर, एवढं धाडस माझ्यात असतं तर, मीही तेच केलं असतं. मी तर घरातल्या पोथ्या बुडवल्या.

फलटणच्याच संस्थेने १९६५ साली षट्खंडागम छापला, त्याच्या संपादक सोलापूरच्या पंडिता सुमतिबाई शहा. त्यामुळे "बायकांना त्यातलं काय कळतंय" हे वाक्य मी यापुढे ऐकून घेणार नाही. परवा मी आमच्याकडच्या एका मंदिरातल्या शास्त्राच्या कपाटाची यादी करूया म्हणाले, तर नेमकं तेच ऐकायला मिळालं. किल्ली कोणाकडे आहे, यावरच अर्धा तास गेला. कपाटात पोथ्या किती हे तर कोणालाच सांगता येईना.

यादी नसली की ग्रंथ असून नसल्यासारखा. पुण्यात भांडारकर संस्थेत सरकारने पूर्वी गोळा केलेल्या हजारो पोथ्या आहेत, त्यांत जैन पोथ्या पुष्कळ. प्राध्यापक कापडियांनी त्यांच्या वर्णनात्मक सूचीचे खंडच्या खंड केले. म्हणून अमुक क्रमांकाची पोथी दाखवा असं आज कोणीही म्हणू शकतं. आपल्या कपाटाला क्रमांक नाहीत, आहे ते एक कुलूप.

आणि हे काम आपलंच आहे. डाळीला कीड लागू नये, रेशमी शालूला कसर लागू नये, तेही एक जीव न मारता, हे आपल्याइतकं कोणाला जमतं? वेखंडाची आणि लवंगेची पुरचुंडी, स्वच्छ धुतलेलं सुती वेष्टन, वर्षातून एकदा सावलीत वारा. पोथीला कडक ऊन देऊ नये, पानं तडकतात. शुद्धीचे नियम पाळून, हात धुऊन, कोरडे करून बसायचं. एकीने पानं मोजायची, दुसरीने वहीत लिहायचं, पाठशाळेतल्या एखाद्या मुलीने शेवटच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढायचा. लिपी वाचता आली नाही तरी फोटो असला की वाचणारा शोधता येतो.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, आपण पालखी काढतो. त्या दिवशी नुसती पालखी नको, कपाटही उघडा, एवढीच माझी मागणी आहे. विश्वस्तांना मी पत्र दिलंय, खाली सात जणींच्या सह्या आहेत. यायचं असेल त्यांनी मला कळवा. वही आणि वेखंड मी आणते, जुनी मऊ सुती धोतरं असतील तर तेवढी घेऊन या.