साखर अंगात, धोका डोळ्यात



सोनोग्राफी म्हटले की आपल्याला घरची गरोदर लेक-सून आठवते. पण ही तपासणी डोळ्याचीही होते. मधुमेहाच्या रोग्याला तिचा उपयोग काय, ते आज पाहू.

ठिबकच्या नळीत क्षार साचले की काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. मोटार चालू असते, पण टोकाच्या झाडाला पाणी पोचत नाही. रक्तात बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली, की डोळ्याच्या पडद्यातील केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचेही तसेच होते. काही बुजतात, काही पाझरतात. डोळा मात्र दुखत नाही, लालही होत नाही. नजर अंधुक होते तेव्हा पुष्कळ नुकसान झालेले असते.

हा रक्ताचा प्रवाह कसा मोजतात? एसटी भोंगा वाजवीत जवळ येते तेव्हा सूर चढा लागतो, पुढे गेली की उतरतो. यामागचे तत्त्व ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ साली मांडले. डॉप्लर सोनोग्राफीत मिटलेल्या पापणीवर जेली लावून यंत्राचे टोक हलकेच टेकवतात. आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी आत जातो आणि वाहत्या रक्तावर आपटून परततो. त्याच्या बदललेल्या सुरावरून रक्ताचा वेग कळतो. सुई नाही, क्ष-किरण नाहीत.

समजा, ठोक्याबरोबर वेग सेकंदाला १० सेंटिमीटर आणि ठोका ओसरल्यावर ३ भरला. १० मधून ३ वजा करून १० ने भागले की ०.७ येतात. हा अडथळ्याचा आकडा. पुढच्या बारीक वाहिन्या बुजू लागल्या की तो बहुधा वाढतो.

तरीही ही तपासणी सरसकट सर्वांनी करून घ्यायची नाही; डॉक्टरांनी सांगितले तरच करावी. ती मुख्य नळीचा वेग सांगते, पडद्यावरचे रक्ताचे ठिपके आणि सूज दाखवीत नाही. त्यासाठी थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदाच पाहावा लागतो. उतारवयातला मधुमेह कळला की लगेच, आणि पुढे दर वर्षी एकदा, ही तपासणी चुकवू नका. मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तर तिने लवकरच दाखवावे.

पैठण, कन्नड, वैजापूरच्या मंडळींना छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय ठाऊकच आहे. तिथल्या नेत्रविभागात पडदा दाखवता येतो. जाताना सोबत कोणी न्या. थेंबांमुळे काही तास अंधुक दिसते, तेव्हा मोटारसायकल स्वतः चालवू नका.

“मला चांगले दिसते, मग कशाला जाऊ?” असे घरातले वडीलधारे म्हणतील. त्यांना सांगा, चांगले दिसते आहे तोवरच जायचे. लेसरने वा इंजेक्शनने आहे ती नजर बहुधा राखता येते. गेलेली सगळी परत येईल, याची हमी कोणी देत नाही.