न बसवलेला दिवा

‘मानवी चूक’ या दोन शब्दांइतकी सोयीची शब्दजोडी अपघातांच्या अहवालांत दुसरी नसेल. जहाज बुडते, चौकशी होते, ‘मानवी चूक’ असा निष्कर्ष निघतो आणि विषय मिटतो. भाषेच्या अभ्यासकांनी तरी या शब्दांपाशी थबकायला हवे. त्यातले ‘मानवी’ हे विशेषण दिसते तितके निरागस नाही. ते साऱ्या मनुष्यजातीला कवेत घेते असे वाटते. प्रत्यक्षात मात्र ते उतरंडीच्या तळाशी असलेल्या एकाच मानवाकडे बोट दाखवते. जहाजाचा आराखडा करणारे, तो मंजूर करणारे आणि त्यावर नफा कमावणारेही मानवच असतात, याचा त्याला सोयीस्कर विसर पडतो.

६ मार्च १९८७ रोजी ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही ब्रिटिश फेरीबोट बेल्जियमच्या झेब्रुग्ग बंदरातून डोव्हरकडे निघाली. वाहने आत घेण्याचे तिचे पुढचे दरवाजे उघडेच होते. बंदराबाहेर वेग घेताच पाणी आत घुसले आणि पाहता पाहता बोट कुशीवर आडवी झाली. १९३ माणसे मेली. दरवाजे लावण्याचे काम ज्याच्याकडे होते, तो साहाय्यक बोसन त्या वेळी केबिनमध्ये झोपलेला होता.

कथा इथेच संपवण्याचा मोह होतो, आणि आपण साहित्याची माणसे त्याला सर्वांत आधी बळी पडतो. एक माणूस, त्याचा एक दोष आणि त्यातून ओढवलेला विनाश हा साचा आपल्या अंगवळणी पडला आहे. अॅरिस्टॉटलच्या ‘हॅमार्शिया’चा अर्थ मुळात ‘चूक’ असा असताना तिचा ‘स्वभावदोष’ केला तो पुढच्या काळातील टीकेने. अपघातानंतर नेमके हेच घडते. चूक मागे पडते आणि चूक करणाऱ्याचे चारित्र्य पुढे येते.

पण न्यायमूर्ती शीन यांच्या चौकशीने १९८७ साली समोर आणलेला तपशील या कथेत मावत नाही. याच कंपनीची ‘प्राइड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही बोट १९८३ साली अशीच उघड्या दरवाजांनिशी डोव्हरहून निघाली होती. तिथेही साहाय्यक बोसनला झोप लागली होती. बोट वेगळी, माणूस वेगळा, चूक मात्र तीच. मग ती एका माणसाच्या स्वभावात शोधायची कशी? सुकाणूकक्षातून पुढचे दरवाजे दिसत नसत. ते लागले की नाही हे सांगणारा दिवा बसवावा, अशी मागणी कप्तानांनी केली होती. दरवाजे लावायला पगारी माणूस असताना दिवा कशाला, अशा थाटात तिची थट्टा झाली. कप्तानाने गृहीत काय धरायचे? कोणी काही कळवले नाही, म्हणजे सर्व ठीक! मौनाला संमती मानण्याचा संकेत इथे नौकानयनाचा नियम झाला होता. शिवाय झेब्रुग्गच्या धक्क्यावर वरच्या डेकवर वाहने चढवण्यासाठी टाक्यांत पाणी भरून बोटीचे तोंड खाली झुकवावे लागे, आणि निघताना ते पाणी पुरते उपसलेले नव्हते. वाहनांचा डेक टोकापासून टोकापर्यंत मोकळा, आडभिंतींवाचूनचा होता. आत शिरलेले पाणी एका बाजूला धावले की बोट सावरणे शक्यच नव्हते.

यावर कोणी म्हणेल, की मग झोपलेल्याची जबाबदारीच उरत नाही. हा आक्षेप पोकळ आहे. शीन यांनी कोणालाही मोकळे सोडले नाही. कप्तानाचा परवाना एक वर्ष आणि मुख्य अधिकाऱ्याचा दोन वर्षे निलंबित झाला. मात्र त्यांनी दोषाची रेघ वर, थेट संचालकांपर्यंत नेली. कायद्याला ते जमले नाही. कंपनीवरील सदोष मनुष्यवधाचा खटला १९९० साली कोसळला, कारण इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्याला दोषी ठरवण्यासाठी वरिष्ठ पदावरची एखादी विशिष्ट व्यक्तीच हवी होती. वाक्याला एकवचनी कर्ता मिळाला नाही, म्हणून वाक्यच रद्द झाले! संस्थेला कर्तेपद देणारा कायदा ब्रिटनमध्ये झाला तो २००७ साली.

आराखडा हेही एक पात्रचित्रणच असते. प्रत्येक जहाज आपल्या खलाशाची एक कल्पना मनात धरून बांधले जाते. कधी न थकणारा, कधी न विसरणारा, एकाच वेळी दोन ठिकाणी हजर असणारा खलाशी एखाद्या कादंबरीकाराने रंगवला असता, तर आपण त्या पात्राला कागदी म्हणून झिडकारले असते. नौकाशिल्पींना आणि मालकांना ही सूट का द्यावी? माणूस झोपणार, हे ज्याने गृहीत धरले तोच खरा वास्तववादी. दुर्घटनेनंतर थोड्याच दिवसांत त्या कंपनीच्या उरलेल्या तशाच बोटींवर दिवे बसले. म्हणजे अडचण तंत्राची नव्हती, पैशांचीही फारशी नव्हती.

तेव्हा असे अहवाल आपल्या वर्गांत वाचले गेले पाहिजेत, आणि तेही व्याकरणाच्या कठोर नजरेने. ‘दरवाजे उघडे राहिले’ हे मराठी वाक्य किती सहज उच्चारता येते! दरवाजे आपोआप राहत नसतात. ते कोणी, कोणत्या आराखड्यामुळे आणि कोणाच्या काटकसरीपायी उघडे राहू दिले, हे विचारणे आपल्या विषयाबाहेरचे असेल, तर आपण भाषा शिकवतो तरी कशासाठी?